विषयांच्या भिंती आणि जिल्ह्याचे प्रश्न

पदव्युत्तर वर्गांत एकाहून अधिक विद्याशाखांचे अध्यापन एकत्र कसे आणावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे. पंचायत समितीच्या सदस्यांना किंवा प्राथमिक शाळेतील शिक्षकांना तो प्रथमदर्शनी दूरचा, विद्यापीठाच्या इमारतीतला वाटण्याचा संभव आहे. म्हणून त्याचा आरंभ विद्यापीठापासून न करता बीड जिल्ह्यातील दोन आकड्यांपासून करणे योग्य होईल.

२०१९ च्या जून महिन्यात राज्याच्या विधिमंडळात अशी माहिती देण्यात आली की, मागील तीन वर्षांत बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. या प्रश्नाच्या चौकशीसाठी विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या ओघात दुसरा आकडा पुढे आला. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले असल्याचे आढळले. म्हणजे साधारणतः दर सहा महिलांमागे एक.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाचणाऱ्याचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. साडेचार हजार खरे की चौदा हजार? दोन्ही खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. पहिला आकडा तीन वर्षांत जिल्ह्यात झालेल्या शस्त्रक्रियांचा आहे. त्यात ऊसतोड करणाऱ्या आणि न करणाऱ्या सर्वच स्त्रिया येतात. दुसरा आकडा केवळ ऊसतोड महिलांचा असून शस्त्रक्रिया केव्हा झाली याला तेथे कालमर्यादा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ साली देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण ३.२ टक्के आढळले होते. सुमारे १७ टक्के आणि ३.२ टक्के यांची तुलना करून 'पाचपट' असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ज्यांची पाहणी झाली त्या स्त्रियांची वये कोणती, हे ठाऊक असल्याशिवाय ती तुलना पक्की होत नाही. वय वाढते तसे हे प्रमाणही सर्वत्र वाढते. इतका विवेक संख्याशास्त्र शिकविते, आणि तो समाजशास्त्राच्या, वृत्तपत्रविद्येच्या व विधी शाखेच्या विद्यार्थ्यालाही हवा.

मात्र संख्याशास्त्राला एवढेच सांगता येते. हे प्रमाण इतके का, या प्रश्नाचे उत्तर फडात आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांच्या परिसरात चार-सहा महिने राहतात. मजुरीचे एकक एक माणूस नसून नवरा-बायकोची जोडी हे आहे. तिला 'कोयता' म्हणतात. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो आणि ती ऊस तोडून फेडायची असते. जोडीतील एक जण कामावर आला नाही की खाडा पडतो आणि दंड उचलीत चढतो. पालाजवळ पाणी नाही, आडोसा नाही, पहाटेपूर्वी गाडी भरायची आहे; अशा स्थितीत मासिक पाळीचे चार दिवस ही स्त्रीच्या दृष्टीने केवळ शरीराची बाब राहत नाही, तर ती हिशेबाची बाब होते. लवकर झालेले लग्न, विशीतच झालेली दोन-तीन बाळंतपणे, त्यानंतर दुर्लक्षित राहिलेला अंगावरून जाण्याचा आजार, खाजगी दवाखान्यात घातली गेलेली कर्करोगाची भीती, 'पिशवी काढली की सुटका' हा शेजारणीचा सल्ला, आणि शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी पुन्हा नवी उचल. ही साखळी समजून घेण्यास वैद्यकशास्त्र लागते, अर्थशास्त्र लागते, कामगारविषयक कायदा लागतो. आणि आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील कोरडवाहू जमीन आपल्या माणसाला वर्षभर का पोसू शकत नाही, हे सांगणारे मृद् व जलशास्त्रही लागते. याच जिल्ह्यात सिंदफणेवरील माजलगाव धरणाच्या लाभक्षेत्रात ऊस पिकतो. ऊस पिकविणारा आणि ऊस तोडण्यासाठी माणसे बाहेर पाठविणारा, असा हा एकच जिल्हा आहे.

आता प्रश्न असा की, या स्त्रीविषयी पदव्युत्तर वर्गात कोण शिकविते? उत्तर आहे: सर्वच जण, थोडे थोडे. अर्थशास्त्राच्या वर्गात ती असंघटित मजूर असते, समाजशास्त्रात स्थलांतरित कुटुंबाची सदस्य, वैद्यकीय महाविद्यालयात रुग्ण, विधी महाविद्यालयात वेठबिगार उच्चाटनाच्या १९७६ च्या कायद्याचे एक संभाव्य उदाहरण. साहित्याच्या वर्गात ती एखाद्या कथेतील पात्र म्हणूनही येते. तिचा पूर्ण प्रश्न मात्र कोणत्याच अभ्यासपत्रिकेत मावत नाही. आणि गंमत अशी की त्या वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींत ऊसतोड कुटुंबांतून आलेल्यांची संख्या थोडी नाही. त्यांना हा प्रश्न घरून अखंड ठाऊक असतो. पदवी घेताना तो त्यांना तुकड्यांत पाठ करावा लागतो.

अंबाजोगाईचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. मुकुंदराज आणि दासोपंत यांचे हे गाव. दासोपंतांची पासोडी, म्हणजे पंचीकरणाचा विषय अक्षरांनी व आकृत्यांनी मांडलेले लांबलचक वस्त्र, येथे जपलेली आहे. तिचा नीट अभ्यास करावयाचा तर वेदान्त जाणणारा, जुन्या मराठीचा अभ्यासक आणि कापड व शाई यांच्या रसायनाचा तज्ज्ञ हे तिघे एका टेबलाशी बसले पाहिजेत. निजामी राजवटीत स्वामी रामानंद तीर्थ यांनी याच गावात योगेश्वरी नूतन विद्यालयाच्या द्वारे राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले. पुढे येथे कला, विज्ञान, वाणिज्य यांची महाविद्यालये झाली, अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, कृषी महाविद्यालय झाले. १९७० च्या दशकात ग्रामीण भागातील वैद्यकीय महाविद्यालय म्हणून गाजलेली आणि आज स्वामीजींचेच नाव धारण करणारी संस्था उभी राहिली. एका लहान गावात इतक्या विद्या क्वचितच एकत्र नांदत असतील.

तथापि वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे, कृषी महाविद्यालय परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे, आणि कला-विज्ञान महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला सामाजिक व प्रतिबंधक वैद्यकशास्त्राचा एक पाठ ऐकावयाचा असेल तर अंतर काही मिनिटांचे असते. पण विद्यापीठे दोन, वेळापत्रके दोन आणि परीक्षा विभाग दोन. हे नेहमी असेच नव्हते. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले, तेव्हा विभागातील सर्व विद्या त्याच्याच छत्राखाली येणे अपेक्षित होते. १९७२ मध्ये कृषी शिक्षण त्यातून वेगळे झाले, १९९८ मध्ये आरोग्य शिक्षण वेगळे झाले. प्रत्येक विभाजनाला त्या त्या वेळी सबळ कारणे होती. कृषी संशोधनाला स्वतंत्र प्रक्षेत्रे हवी होती आणि वैद्यकीय परीक्षांचा दर्जा राज्यभर एकसारखा हवा होता. परंतु विभाजन करताना दोघांमध्ये ये-जा करण्यासाठी दार ठेवावे, हे मात्र राहून गेले.

कायद्याने या उणिवेची दखल घेतली नाही असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने विद्याशाखांची संख्या चारवर आणली: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आणि चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यास. नाव पाहून वाटावे की, प्रश्न सुटला. व्यवहारात या चौथ्या विद्याशाखेत शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, वृत्तपत्रविद्या, समाजकार्य असे विषय ठेवण्यात आले. पहिल्या तीन खणांत जे बसेना, त्यासाठी चौथा खण झाला. त्या विषयांचे महत्त्व कमी नाही. पण शेजारी ठेवलेले विषय आपोआप एकमेकांशी बोलू लागत नाहीत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा आग्रह धरला. २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक पेढीची तरतूद झाली, त्यामुळे एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक दुसरीकडे जमा करणे तत्त्वतः शक्य झाले. राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नवी रचना २०२३-२४ पासून लागू होऊ लागली. दोन वर्षांचे ८८ श्रेयांक, त्यांत संशोधनपद्धतीला ४, कार्यानुभव किंवा क्षेत्रप्रकल्पाला ४, शिवाय दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. पदवीच्या पातळीवर विद्यार्थ्याने आपल्या विद्याशाखेबाहेरचा एखादा विषय निवडावा, अशी योजना आहे. पदव्युत्तर रचनेत ऐच्छिक विषय आहेत, परंतु ते मुख्य विषयाच्याच रकान्यात येतात. म्हणजे ज्या वयात विद्यार्थी दोन शास्त्रांची सांगड घालण्यास समर्थ होतो, नेमके त्याच वयात वाट पुन्हा अरुंद होते. क्षेत्रप्रकल्प आणि संशोधन प्रकल्प हीच काय ती मोकळी जागा उरते.

ती मोकळी जागा वापरली का जात नाही, याचे कारण पुष्कळदा शिक्षकांची अनास्था असे सांगितले जाते. ते निदान अन्यायकारक आहे. महाविद्यालयातील पद मंजूर होते ते विषयाच्या नावाने. सहायक प्राध्यापकाचा कार्यभार आठवड्याला १६ तासांचा, तोही त्या विषयाच्या तासिकांनी मोजला जातो. अर्थशास्त्राचे आणि भूगोलाचे असे दोन शिक्षक एकाच वर्गात एकत्र उभे राहिले, तर तो तास कोणाच्या खात्यावर लिहावयाचा? एकाच्या लिहिला तर दुसऱ्याचा भार कमी भरतो. भार कमी भरला तर पद धोक्यात येते. तासिका तत्त्वावरील शिक्षकाची स्थिती याहून बिकट असते. त्याला मानधन मिळते ते घेतलेल्या तासाचे; दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याबरोबर दोन दुपारी बसून संयुक्त पाठाची आखणी केली, तर त्या दुपारी बिनपगारी ठरतात. अशा शिक्षकाकडून उत्साहाची अपेक्षा करण्यापूर्वी त्याच्या हजेरीपत्रकाचा नमुना बदलावा लागेल.

विद्यार्थ्याचा हिशेबही तितकाच रोकडा आहे. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या बहुतेकांचे लक्ष नेट-सेट परीक्षेकडे असते आणि ती परीक्षा विषयवार होते. जाहिरातीत 'समाजशास्त्र' असे लिहिलेले असताना 'ग्रामीण आरोग्य व विकास' अशी पदवी घेऊन गेलेल्या उमेदवाराला समतुल्यतेच्या प्रमाणपत्रासाठी धावपळ करावी लागते, आणि मुलाखतीच्या दारातून परत फिरण्याची भीती असतेच. २०१८ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांत संबंधित व संलग्न विषयांचा उल्लेख आहे. पण संलग्न कशाला म्हणावे, याचा अर्थ छाननी समितीगणिक बदलू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात हे बंधन सैल करण्याचा विचार मांडला होता. ऊसतोडीच्या पैशांतून मुलीला एम. ए. पर्यंत आणणाऱ्या बापाने 'याला नोकरी कुठल्या विषयात?' असे विचारले, तर त्या प्रश्नाला कोणी अडाणीपणा म्हणू नये.

येथे उलट बाजूचाही एक इशारा ऐकला पाहिजे. अनेक विषयांचे थोडे थोडे ज्ञान म्हणजे आंतरविद्याशाखीय शिक्षण, अशी समजूत पसरू लागली आहे. तिच्यातून निघणारा विद्यार्थी सर्वच चर्चांत बसू शकतो, परंतु एकाही शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. महाराष्ट्रातील जुनी उदाहरणे वेगळे सांगतात. दामोदर धर्मानंद कोसंबी हे मुळात गणिती. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकविले, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले. प्राचीन आहत नाण्यांची वजने घेऊन चलनात राहिल्याने ती किती झिजली याचा त्यांनी संख्याशास्त्रीय अभ्यास केला आणि त्यावरून इतिहासाकडे पाहण्याची नवी रीत दिली. गणित कच्चे असते तर नाण्यांनी त्यांना काही सांगितले नसते.

दुसरे उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाचे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात या विभागाने उत्खनन केले. तेथे पुरातत्त्वज्ञाच्या जोडीला जळलेल्या धान्याचे दाणे ओळखणारे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, जनावरांची हाडे तपासणारे होते, मानवी सांगाड्यांचा अभ्यास करणारे होते. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शिकारीवर व पशुपालनावर अधिक विसंबू लागले, असे चित्र उत्खननकर्त्यांनी मांडले. अवर्षणाने माणसाचे अन्न, घर आणि वस्ती कशी बदलते, हे एकट्या खापराने सांगितले नसते, एकट्या हाडाने किंवा दाण्यानेही नाही. प्रत्येक जण आपल्या शास्त्रात पक्का होता आणि सर्वांपुढे प्रश्न एकच होता. अवर्षणग्रस्त मराठवाड्याला या उत्खननातून घेण्यासारखे काही असेल, तर ती कामाची ही रीत होय.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८५ पासून ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. तेथील तंत्रज्ञान व विकास या पदव्युत्तर अभ्यासक्रमात खेड्यात राहून करावयाच्या कामाला स्थान आहे. २०१६ मध्ये राज्य शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले. आपापल्या परिसरातील पाणी, ऊर्जा, शेती यांचे प्रश्न स्थानिक महाविद्यालयांनी अभ्यासावेत, अशी त्यामागील कल्पना. मुंबईच्या एका समृद्ध संस्थेला जे साधते ते तालुक्याच्या महाविद्यालयाला तसेच्या तसे साधणार नाही. परंतु तालुक्याच्या महाविद्यालयापाशी एक गोष्ट आहे जी मुंबईपाशी नाही: प्रश्न दारात आहे आणि विद्यार्थी त्याच भाषेत बोलणारा आहे.

भाषेचा मुद्दा लहान नाही. 'उचल' हा एक शब्द घ्यावा. अर्थशास्त्रज्ञ तिला अग्रिम रक्कम म्हणतो, वकील तीत वेठबिगारीचा पुरावा शोधतो, मुकादम तिला विश्वास म्हणतो आणि घरातील स्त्रीच्या लेखी ते मुलीचे लग्न किंवा सासऱ्याचे औषधपाणी असते. संयुक्त वर्गातील पहिले काही आठवडे अशा शब्दांच्या अर्थांवरच खर्ची पडतात, आणि ते वाया गेले असे समजू नये. कायद्याच्या विद्यार्थ्याला तेथेच कळते की, आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा कर्नाटकात जाणाऱ्या टोळीसाठी होता. सांगली-कोल्हापुराकडे जाणाऱ्या टोळीला, तिचे हाल तेच असूनही, तो लागू होत नव्हता.

बीडसारख्या जिल्ह्यात आरंभ कोठून करता येईल? नवी पदवी काढण्याची घाई करू नये. पदवी एकाच विषयाची राहावी, प्रकल्प मात्र सामाईक असावा. क्षेत्रप्रकल्पाचे ४ श्रेयांक सर्वच विभागांत आहेत. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल आणि संख्याशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांचा एकच गट करून त्यांना एकच गाव द्यावे; दोन मार्गदर्शक नेमावेत आणि दोघांच्याही कार्यभारात तो तास पूर्ण धरावा. यासाठी अधिनियम बदलावा लागत नाही, विद्यापीठाचे परिपत्रक पुरते. पीएच. डी.च्या २०२२ च्या विनियमांनी दुसऱ्या विभागातील सहमार्गदर्शकाला वाट करून दिलेलीच आहे. आरोग्य विद्यापीठाशी सामंजस्य करार करण्याचे काम मात्र शासनाच्या दोन विभागांना एकत्र बसूनच करावे लागेल, आणि ते विभागही विषयांइतकेच आपापल्या सीमा जपणारे असतात.

गटाला लागणारी माहिती ग्रामपंचायतीपाशी आहे. ऊसतोड कामगारांची ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे धोरण शासनाने २०२१ मध्ये स्वीकारले. आशा कार्यकर्तीपाशी गरोदर स्त्रियांची नोंद असते, शाळेत हंगामी वसतिगृहाची यादी असते, तलाठ्याकडे पिकांची नोंद असते. या चार वह्या आज चार कपाटांत आहेत. त्या एका टेबलावर मांडून कुटुंबागणिक जुळविणे, हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एक उत्तम प्रकल्प होईल. मात्र स्त्रियांच्या आजाराची माहिती हाताळताना गुप्ततेची शिस्त वैद्यकीय शिक्षकाकडून आधी शिकून घ्यावी लागेल. ज्या स्त्रीची नोंद आहे तिला तिचा उपयोग सांगितला गेला पाहिजे, आणि तिने नकार दिला तर तो नोंदवून पुढे गेले पाहिजे. सरपंच व सदस्य यांनी या कामात केवळ सत्काराला उपस्थित न राहता प्रश्नावली तयार होत असतानाच बसावे. खाडा किती रुपयांचा पडतो हे विचारावयाचे कोणाला, नवऱ्याला की बायकोला, हे त्यांना अधिक कळते.

एक व्यावहारिक अडचण शेवटी सांगणे आवश्यक आहे, कारण ती बहुतेक आराखड्यांत निसटते. क्षेत्रप्रकल्प दुसऱ्या सत्रात, म्हणजे सामान्यतः डिसेंबर ते एप्रिल या काळात येतो. नेमक्या त्याच महिन्यांत गावे रिकामी असतात. घराला कुलूप आणि ओट्यावर म्हातारी माणसे. टोळ्या परततात तेव्हा उन्हाळी सुट्टी लागलेली असते, आणि जून-जुलैत महाविद्यालये प्रवेशप्रक्रियेत गुंतलेली असतात. बीड जिल्ह्यापुरते तरी या प्रकल्पाचे वेळापत्रक विद्यापीठाच्या दिनदर्शिकेऐवजी साखर कारखान्यांच्या गाळप हंगामावरून आखावे लागेल. मे महिन्यात ओट्यावर बसून गाठीभेटी, आणि जानेवारीत, जमल्यास, फडावर दोन दिवस.